कोपर बरगडीला टेकलं पाहिजे

पक्ष्यांच्या फोटोंसाठी लांब लेन्स कोणती घ्यावी हे ठरत नव्हतं, तेव्हा मी ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे कापले. प्रत्येकी २६ सेंटिमीटरचे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये लेथखाली बिडाचा चुरा पडलेला असतोच. तो ब्रशनं गोळा केला, दोन्ही नळकांड्यांत भरला आणि काट्यावर दोन्ही बरोबर १९३० ग्रॅमवर आणली. फरक एवढाच, की एकात चुरा पुढच्या तोंडाशी ठासला होता आणि मागं चिंध्या कोंबल्या होत्या. दुसऱ्यात चुरा मागं, चिंध्या पुढं. टोप्यांना सोल्यूशन लावून बसवलं. शेजारच्या मशीनवरचा पोरगा मघापासून बघत होता. शेवटी आलाच.

"काका, हे कुठल्या पार्टीचं जॉब म्हणायचं?"

"घरचंच," म्हटलं.

१९३० ग्रॅम हे सिग्माच्या १५०-६०० मिलिमीटरच्या कंटेम्पररी झूम लेन्सचं वजन. २०१५ साली ती आली आणि आमच्याकडं रविवारी पहाटे गाडीला किक मारणाऱ्या पक्षीवाल्यांत बघावं त्याच्या गळ्यात तीच दिसू लागली. पण आम्ही कास्टिंगवाले. आकड्यावर विश्वास ठेवतो, तरी हात लावून बघितल्याशिवाय नाही. चाळीस किलोचं गोल केसिंग दोघं जण हसत उचलतात आणि वीस किलोची वेडीवाकडी ब्रॅकेट एखाद्याची कंबर धरून ठेवते. वजन किती, याच्याआधी वजन कुठं, हे आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. मला कॅमेऱ्याच्या बाबतीत ते कळायला वर्ष गेलं.

माझ्याकडं कॅनन सेव्हन डी मार्क टू आहे, जुना घेतलेला. बरोबर ७०-३०० ची एक साधी लेन्स होती. येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या बांधावर बसलेले बगळे, तारेवरचा वेडा राघू, घरामागचा बुलबुल एवढ्यावर ती समाधानी होती. मी नव्हतो. भात कापून झाला की त्या शिवारावर कापशी घार येते. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, खाली उंदीर हेरते, चार हात खाली सरकते, पुन्हा थांबते. पांढरी, खांद्यावर काळी, डोळा लालभडक. तो लाल डोळा माझ्या फोटोत कधी आला नाही. पांढऱ्या ठिपक्याला दोन काळे ठिपके, एवढंच.

मग हिशेब मांडला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.४ मिलिमीटर रुंद. शंभर मीटरवर ४०० मिमी लेन्सच्या चौकटीत ५.६ मीटर रुंदीचं आकाश मावतं आणि ६०० च्या चौकटीत पावणेचार मीटरच्या आत-बाहेर. कापशी चोचीपासून शेपटीपर्यंत फूटभराची. म्हणजे साडेपाच हजार पिक्सेलच्या रुंदीत ४०० नं तिला सव्वातीनशे पिक्सेल मिळतात, ६०० नं पाचशेच्या जवळ. क्षेत्रफळ धरलं तर सव्वादोन पट. कागदावर हा प्रश्न तिथंच संपतो. ६०० घे आणि मोकळा हो.

तरी घेण्याआधी ती सिग्मा चार दिवस भाड्यानं आणली, हे बरं केलं.

बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाची अडचण अशी, की त्याच्या एका बाजूला खानापूरचं रान आहे आणि दुसऱ्या बाजूला गोकाकचं माळरान. पश्चिमेला कणकुंबी, आमगावकडं पाऊस असा पडतो की घरात घोंगडी वाळत नाही. पूर्वेला जावं तसं झाडं खुजी होत जातात, ज्वारी दिसायला लागते. पश्चिमेचा पक्षी जवळ असतो, पण अंधारात. पूर्वेचा उजेडात असतो, पण लांब. एका लेन्सकडून दोघांची कामं करून घ्यायची म्हणजे एकाच टूलनं बीडही कापायचं आणि पितळही.

पहिले दोन दिवस धुपदाळला गेलो. घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणतात ते हेच. बंधाऱ्याच्या मागं साचलेलं पाणी, मधे बेटं, काठाला गाळ. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोचे येतात. मध्य आशियातून, मंगोलियातून. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघालेली पांढरी पिसं. सकाळी ते शेतांत चरायला जातात आणि ऊन चढलं की पाण्यावर येऊन उभे राहतात. गोची इथंच आहे. ते पाण्यावर येतात तेव्हा हवा तापलेली असते. ६०० वर ओढून बघितलं तर करकोचे पाण्यात उभे नसून पाण्यासारखेच हलत होते. शंभर फोटो काढले. एकाचीही कड धारदार नाही. मला वाटलं फोकस बिघडला. मग बंधाऱ्यावरच्या जवळच्या दगडावर लावून पाहिलं, दगड स्वच्छ. बिघाड लेन्समध्ये नव्हता, मधल्या चारशे मीटर हवेत होता. जितकी लांब लेन्स तितकी ती हवाही मोठी होऊन दिसते. ही गोष्ट लेन्सच्या खोक्यावर लिहीत नाहीत.

त्याच दिवशी काठावर आणखी एक दृश्य दिसलं. दोन जण मोबाइल घेऊन गाळातनं थव्याकडं चालत गेले, आणि थवा उठला. आवाज करत, गोल फिरून, पार पलीकडच्या काठाला. लांब लेन्सच्या बाजूनं खरं वकीलपत्र घ्यायचं तर ते याच कारणासाठी. तुम्ही लांबच राहता, पक्ष्याची विश्रांती मोडत नाही. हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. नंतर मी जी लेन्स घेतली ती छोटी आहे, म्हणून तर तो जास्तच डाचतो.

तिसऱ्या दिवशी खानापूरवरून हेमाडग्याला, भीमगड अभयारण्यात. ते २०११ साली जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटर. बारापेडच्या गुहांतल्या त्या दुर्मिळ वटवाघळामुळं नाव बरंच गाजलं. तिथं लेन्स घेऊन जायची गरज नाही आणि कुणी जाऊही नये. आम्ही वाटेवरच थांबलो होतो. बरोबर खात्याचा वॉचर होता. तो मराठी-कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलायचा. वर पंखांचा कोळशाच्या इंजिनासारखा आवाज आला तसा म्हणाला, "मंगट्टे आलं बघा." मंगट्टे म्हणजे धनेश. मी मान वर करून, लेन्स वर करून, झूम ओढून तयार होईपर्यंत मंगट्टे गेलं होतं. ६०० च्या पावणेचार मीटरच्या चौकटीत आधी पक्षी सापडायला पाहिजे. दुर्बीण उलटी धरून सुई ओवण्यातला प्रकार.

मग कर्णा दिसला. लाल पोटाचा, काळ्या डोक्याचा. वेलीवर पाठ ताठ करून बसलेला. हा पक्षी उठवळ नाही, बसला की बसतो. पण बसतो सावलीच्याही सावलीत. सकाळी साडेआठला एफ ६.३ च्या छिद्रावर (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी), आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ३२०० ठेवूनही शटर एकशे-साठांशापलीकडं जाईना. जुना नियम सांगतो, लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर सेकंदाच्या तितक्याव्या भागाचं हवं. छोट्या सेन्सरला १.६ नं गुणायचं, म्हणजे ६०० ला हजारांश सेकंद. मी तर सहापटीनं खाली. लेन्समधल्या, हाताची थरथर खाणाऱ्या स्टॅबिलायझेशननं बरंच सांभाळलं, हे कबूल केलं पाहिजे. दहातले चार फोटो नीट आले. पण तोवर माझा डावा हात थरथरत होता. कर्णा सात मिनिटं बसला. मी मिनिटभरही लेन्स एका दमात धरू शकलो नाही. खाली घ्यायची, दंड चोळायचा, पुन्हा वर.

पाइपची कल्पना तिथं, त्या वाटेवर आली.

घरी गॅलरीत उभा राहून मी कॅमेऱ्याला पाळीपाळीनं ती नळकांडी पट्ट्यांनी आवळली आणि डोळ्याला लावली. बायकोनं आतून बघितलं. "अहो, खाली ठेवा ते. समोरच्या वहिनी काय म्हणतील ओ?" वहिनी काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी खिडकी लावून घेतली एवढं खरं. मागं भरलेलं नळकांडं मी दीड मिनिट न हलवता धरलं. पुढं भरलेलं चाळीस सेकंदांत हलायला लागलं. वजन तेच, ग्रॅमचा फरक नाही. आठ दिवस रोज केलं, थोडाफार मागं-पुढं हाच निकाल.

कारण साधं आहे, पण करून बघेपर्यंत डोक्यात शिरत नाही. डावा तळहात लेन्सच्या तोलाच्या जागेखाली जातो. तोल कॅमेऱ्याच्या जवळ असला की कोपर बरगडीला टेकतं, आणि वजन हाडावरून कमरेत उतरतं. तोल पुढं गेला की तळहात पुढं जातो, कोपर अंगापासून सुटतं, आणि मग सगळा भार दंडाच्या स्नायूवर. स्नायू थकतो. हाड थकत नाही. भाड्यानं आणलेली लेन्स १५० वर आखूड असते तेव्हा कोपर जेमतेम टेकतं. ६०० वर ओढली की पुढचा जड काचेचा भाग बाहेर सरकतो आणि तोल त्याच्यामागं जातो. ज्या क्षणी हात सर्वांत स्थिर हवा, त्याच क्षणी लेन्स तो बरगडीपासून सोडवते.

यावर उपाय निघालेत. सोनीची २०१९ ची २००-६०० ओढली तरी बाहेर येत नाही, आतल्या आत काचा सरकतात, तोल जवळपास जागेवर. वजन मात्र २१०० ग्रॅमच्या वर. निकॉननं २०१८ मध्ये ५०० मिमी एफ ५.६ पीएफ काढली, आत वेगळ्या जातीची पायऱ्यापायऱ्यांची काच, वजन १४६० ग्रॅम. धारवाडच्या एका डॉक्टरांकडं ती हातात घेतली तेव्हा मला वाटलं आत काच घालायची राहिली. हातात धरून काम करणाऱ्यासाठी याहून चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. पण ती घ्यायची तर लेन्सबरोबर कॅमेरा बदलायचा, आणि कॅमेऱ्याबरोबर बहुतेक बायकोही. कॅननचीच २०२० ची ६०० एफ ११ आहे, ९३० ग्रॅमची, स्वस्त. ती नव्या बिनआरशाच्या बॉडीलाच बसते हे बाजूला ठेवा, ५.६ च्या मानानं ११ ला उजेड एक चतुर्थांश मिळतो. येळ्ळूरच्या उन्हात चालेल. हेमाडग्याच्या त्या वेलीखाली कर्णा कुठला आणि पान कुठलं, तेही दिसायचं नाही.

राहिली एक म्हातारी. कॅनन ४०० मिमी एफ ५.६ एल, १९९३ ची. आता नवी मिळत नाही. वजन १२५० ग्रॅम. झूम नाही, स्टॅबिलायझेशन नाही. सन-हूड लेन्सच्याच अंगात, पुढं ओढा आणि पिळा. आमच्या शॉपमधल्या जुन्या एचएमटी लेथची आठवण यावी अशी. करायचं ते एकच काम, पण खळखळ नाही. मोटर पटकन फोकस पकडते. कॅमेऱ्यासकट दोन किलोच्या जरासं वर, आणि तोल असा की कोपर आपणहून जाऊन बरगडीला बसतं.

जुनी घ्यायची म्हणजे जपून घ्यायची. पहिली बघितली ती पुण्याच्या बाजूची. विकणारा म्हणाला, "एकदम मिंट कंडिशन, सर." बाहेरनं होतीही तशी. मी खिशातला टॉर्च काढला, मागून उजेड पाडला आणि पुढून तिरकं बघितलं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. कोकणात, आमच्या खानापूरकडं, चार महिने कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास धरते. त्याला म्हटलं हे काय, तर म्हणतो, "फोटोत येत नाही ते." येत नाही खरं, आधी येत नाही. मग उजेडाकडं तोंड करून काढलेल्या फोटोवर धुकं पसरतं, आणि तोवर ती काचेचं कोटिंग खाऊन बसलेली असते. मी चहा पिऊन उठलो. दुसरी मिळाली ती ५२ हजारांना, रंग उडालेली, कॉलरवर चरे, आत काच स्वच्छ. आता ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात असते, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा. चाळीस ते पन्नासच्या मधे काटा राहिला की झोप लागते. पहिल्या पावसाळ्यात एकानं तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं होतं. तांदळाची पूड लेन्सच्या फटीत गेली तर काढणार कोण? बेळगावी बासमती खायला ठेवावी.

तर म्हातारी कशी चालते? कापशीवर झकास. शिवारात उभं राहायचं, दोन्ही डोळे उघडे, लेन्स छातीशी. कापशी थांबली की वर. साडेपाच मीटरच्या चौकटीत ती पहिल्या झटक्यात सापडते. १/२००० सेकंद शटर, दुपारच्या आधीचं ऊन पाठीमागं. या हिवाळ्यात लाल डोळा आला. एकदा नाही, चार वेळा. वरनं कोसळताना पाय खाली सोडलेली कापशी आली. फोटो कापून घ्यावा लागतो, हे आहेच. भिंतीवर मोठा लावायचा म्हटला तर दाणा दिसेल. भिंत आहे कुठं आमच्याकडं एवढी!

हेमाडग्यात हिचं वय दिसतं. कर्ण्यासमोर १/२०० सेकंदावर, स्टॅबिलायझेशन नसताना, बारा फोटोंतले दोन. झाडाला खांदा टेकवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि तिथं थांबून हलकेच दाबायचं. तीन-तीन फोटो सलग घ्यायचे, कारण बटण दाबण्याचा धक्का पहिल्याला बसतो आणि मधला बऱ्याचदा वाचतो. आणखी एक खोड आहे. साडेतीन मीटरच्या आतलं हिला दिसत नाही. मे महिन्यात जांबोटीच्या अलीकडं एका ओढ्यापाशी मी बसलो होतो, स्वर्गीय नर्तकाचा नर आंघोळीला आला. पांढरा, हातभर शेपटीचा. दोन मीटरवर. लेन्स गुरगुरत पुढं-मागं करत राहिली आणि काही केल्या पकडेना. मी बूड घासत मागं सरकायला गेलो, वाळली फांदी मोडली, नर्तक गेला. भाड्याची ती सिग्मा असती तर जागेवरूनच... नाही, तिलाही २.८ मीटर लागतातच. म्हणजे तेव्हाही चुकलं असतं. एवढंच समाधान.

धुपदाळला मात्र मी हिच्यासाठी वेळ बदलली. आता पहाटे शेतांच्या बाजूला जाऊन बसतो, गाडीच्या आडोशाला, करकोचे चरायला उतरतात तिथं. हवा गार असते तोवर, साडेआठपर्यंत. त्यानंतर लेन्स पिशवीत. थवा लांबच राहतो. ४०० मध्ये ते हरभऱ्याच्या शेताच्या कडेला उभे असलेले वीस-पंचवीस राखी आकडे दिसतात, मागं कालवा, त्यामागं उसाची रांग. एका मित्राला दाखवला तर म्हणाला, "पक्षी लहान आलाय की बे." लहान आहेच. तो पुढच्या महिन्यात १५०-६०० घेणार आहे आणि मला ती दोन नळकांडी मागतोय. मी त्याला पुढं भरलेलं देणार आहे, ते खरं आहे म्हणून.

सध्या एकच काम राहिलंय. माझ्या नगाचा सन-हूड झिजलाय. पुढं ओढून पिळला तरी लेन्स वर केली की सरकून मागं येतो आणि ठक्‌ वाजतो. कापशी त्या आवाजाला दाद देत नाही, पण हेमाडग्यात आवाज फार मोठा वाटतो. शनिवारी सेकंड शिफ्टला मशीन रिकामं होतं. नायलॉनचा तुकडा धरला, कडी केली, आतून ८४ मिलिमीटर, बाहेरून ९०, रुंदी वीस, एका बाजूनं चीर दिली म्हणजे लेन्सवर चिमट्यासारखी बसेल. काट्यावर टाकली, १९ ग्रॅम. तोलाच्या पुढं १९ ग्रॅम म्हणजे काय होतंय ते उद्या राकसकोप जलाशयावर जाऊन बघायचं. पोरगा पुन्हा येऊन उभा होता. या वेळी त्यानं काही विचारलं नाही, नुसता कॅलिपर पुढं केला.